जळालेल्या हातापायाला आतून काच बसतो तेव्हा

उन्हाळ्यात पऱ्हाटीचे ढीग पेटवताना लुगड्याच्या पदराला लागलेली आग, भंडारा-गोंदियाकडे तणशीत भाजलेले पाय, चुलीवरून उलटलेलं आधणाचं पातेलं, रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेल्या करंटचा झटका. विदर्भातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे रुग्ण नेहमी येतात. सगळ्यांचं लक्ष किती टक्के भाजलं, सलाईन किती द्यायचं आणि रुग्ण वाचेल का, याकडे असतं. ते बरोबरच आहे. पण त्याच वेळी हातापायाच्या आत दाब वाढत असतो, आवळ बसत असतो. हाच काच. तो वेळेत ओळखला नाही तर माणूस वाचतो आणि हात जातो. शेतमजुरी करणाऱ्या घरात हात जाणं म्हणजे काय, ते इथे समजावून सांगायला नको.

ही माहिती वैद्यकीय अधिकारी, स्टाफ नर्स, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी आणि १०८ वर काम करणारे यांच्यासाठी आहे. गावात करायच्या गोष्टी आशाताईंनाही उपयोगी पडतील.

आत काय घडतं

खोल भाजलेली त्वचा वाळलेल्या चामड्यासारखी होते. ती ताणली जात नाही. हिला एस्कार म्हणतात. भाजल्यानंतर केशवाहिन्यांतून पाणी पाझरतं आणि खालचे ऊतक सुजू लागतात. आपण सलाईन देतो तशी सूज आणखी वाढते. चांगली त्वचा सुजेबरोबर ताणली जाते, एस्कार ताणलं जात नाही. ते हाताला सगळीकडून वेढून असेल, तर ओलं चामडं गुंडाळून उन्हात वाळवल्यासारखा आवळ बसतो. आधी शिरांमधून परत जाणारं रक्त अडतं, त्याने सूज अजून वाढते, मग केशवाहिन्या दबतात. मोठी धमनी सगळ्यात शेवटी बंद होते.

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट याच क्रमात आहे. मनगटावर नाडी लागते तोवर हात सुरक्षित आहे, असं समजू नका. नाडी जाते तेव्हा आतले स्नायू कित्येक तास उपाशी असतात. रक्त न मिळालेला स्नायू साधारण ४ ते ६ तासांत कायमचा मरू लागतो आणि नसा त्याच्याही आधी बधिर होतात.

हातापायाचे स्नायू फॅशिया नावाच्या चिवट पडद्याच्या कप्प्यांत बसवलेले असतात. आगीने भाजल्यावर आवळ बहुतेक वेळा बाहेरच्या एस्कारचा असतो. विजेच्या झटक्यात स्नायू आतून शिजतो आणि कप्प्यातच फुगतो. वरची त्वचा जवळजवळ चांगली दिसते, बोटावर एक काळा ठिपका आणि पायाखाली दुसरा, एवढंच. उपचारही त्यानुसार बदलतो. एस्कारसाठी एस्कॅरोटॉमी, म्हणजे एस्कार उभं चिरणं; कप्प्यासाठी फॅशियोटॉमी, म्हणजे फॅशियाचा पडदा चिरणं.

गावात, पहिल्या तासात

आग विझवा, करंट असेल तर आधी पुरवठा बंद करा. त्यानंतर वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरा. भाजल्यापासून ३ तासांपर्यंत याचा फायदा होतो. एक गोष्ट आपल्याकडे हमखास चुकते. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरला दुपारी छतावरच्या काळ्या टाकीतलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं. नळ उघडा, आधी आपल्या मनगटावर पाणी घेऊन पाहा. गरम असेल तर विहिरीचं, हातपंपाचं किंवा रांजणातलं पाणी तांब्याने सतत ओता. बर्फ नको, त्याने उरलेला रक्तपुरवठाही आखडतो. लहान मूल असेल किंवा अंग खूप भाजलं असेल तर भाजलेला भाग सोडून बाकी अंग कोरड्या चादरीत ठेवा. उन्हाळ्यातही मूल गारठतं.

हळद, शाई, टूथपेस्ट, पाल्याचा लगदा यांतलं काही लावू नका. लावलेलं धुऊन काढताना दुखतं आणि खालचा रंग दिसत नाही. लुगड्याची पट्टी घट्ट गुंडाळून आणणं सगळ्यात वाईट. सूज यायच्या आधीच आपण आवळ बांधून देतो.

मग दागिने. पाणी ओतत असतानाच अंगठी, बांगड्या, जोडवी, तोरड्या, घड्याळ, काळा दोरा, गंडा, करदोडा, राखी, सगळं काढा. सूज नाही म्हणून राहू दिलेली अंगठी तीन तासांनी बोट कापायला लावू शकते. काचेच्या बांगड्यांवर ओलं फडकं गुंडाळून पकडीने फोडा. अंगठी निघत नसेल तर दोरा गुंडाळून काढायची युक्ती भाजलेल्या बोटावर वापरू नका, सालटं निघतं. अंगठीखाली चमच्याची चपटी दांडी सरकवा आणि वायरमनच्या कटरने किंवा सोनाराच्या कात्रीने कापा. म्हाताऱ्या बायांच्या पायातली चांदीची जाड कडी हॅकसॉच्या पात्यानेच तुटतात. खाली पत्र्याची पट्टी घालून दोन ठिकाणी कापा आणि कापताना पाणी टाकत राहा, नाहीतर घर्षणाने कडं तापतं. ‘माहेरचं आहे, मोडू नका’ असं ऐकावं लागेल. दोन्ही तुकडे कागदात बांधून घरच्यांच्या हाती द्या, मग विरोध मावळतो.

चिकटलेला कपडा ओढू नका, भोवतीने कापा. ब्लाउजची घट्ट बाही मात्र उभी चिरलीच पाहिजे. स्वच्छ सुती कापड सैल टाका, हात गोधडीच्या घडीवर छातीच्या किंचित वर ठेवा आणि १०८ ला फोन करा.

केंद्रात आल्यावर: धोका कोणाला

श्वास, रक्तदाब आणि शुद्ध यांची व्यवस्था आधी. मग प्रत्येक हात-पाय सगळ्या बाजूंनी, खालूनही पाहा. मेणासारखी पांढरी, तपकिरी किंवा काळी, कडक, दाबल्यावर रंग न बदलणारी, केस ओढला तर न दुखता निघून येणारी त्वचा म्हणजे पूर्ण खोलीचं भाजणं. अशी त्वचा हाताला किंवा पायाला पूर्ण वेढून असेल, तर पुढचे ४८ तास तो अवयव धोक्यात आहे, आत्ता कितीही बरा दिसला तरी. जवळजवळ वेढून असेल तरीही सावधच राहा. विजेचा झटका असेल तर वरून काही दिसत नसलं तरी धोका आहेच.

आपण स्वतः घातलेला काचही तपासा. सलाईनची चिकटपट्टी मनगटाभोवती पूर्ण गोल गुंडाळलेली असते. मुलांच्या हाताला पुठ्ठ्याची पट्टी लावून वरून घट्ट बँडेज असतं. जळालेल्या दंडावर बीपीचा पट्टा तसाच राहिलेला असतो. शक्यतो न भाजलेल्या अवयवात शीर घ्या आणि चिकटपट्टी कधीही पूर्ण गोल फिरवू नका. ड्रेसिंग सैल ठेवा आणि बोटांची टोकं उघडी. रुग्ण पुढे पाठवायचा असेल तर सिल्व्हर सल्फाडायझीनचा पांढरा थर लावू नका. पुढच्या डॉक्टरला त्याखालचं काही दिसत नाही.

दर तासाला काय पाहायचं

काच बहुधा ६ ते २४ तासांच्या दरम्यान वाढतो. एकदा पाहून ‘ठीक’ लिहिलं की काम झालं, असं होत नाही. पहिले ४८ तास दर तासाला तपासणी हवी आणि प्रत्येक नोंदीपुढे वेळ हवी.

आधी विचारा. आपल्या लोकांच्या भाषेत विचारा: ‘काकू, बोटाले मुंग्या येऊन राह्यल्या का? हात भरून आल्यासारखा वाटते का?’ पूर्ण खोल भाजलेली त्वचा दुखत नाही. म्हणून ‘आतून ठणकते’, ‘हाड फुटते असं वाटते’ ही तक्रार हलक्यात घेऊ नका. दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिल्यावर तासाभरात पुन्हा तीच तक्रार आली, तर दुसरं इंजेक्शन भरायच्या आधी हात उघडून पाहा.

मग बोट ताणून पाहा. रुग्णाला हात सैल सोडायला सांगा, बोटाचं टोक धरा आणि तीन सेकंद घेऊन हळूच सरळ करा. दुखणं बोटात नसून कोपराखालच्या मांसल भागात उठलं, तर ते कप्प्याच्या दाबाचं लक्षण आहे. पायाचा अंगठा खाली वाकवला की नडगीच्या पुढचा कप्पा ताणला जातो, वर उचलला की पोटरीतला खोल कप्पा. दोन्ही करा. पंजाच्या आतले स्नायू पाहायला बोटं एकमेकांपासून बाजूला फाकवून पाहा. बोटं मुठीकडे वळलेली आणि मनगट खाली पडलेलं असेल, तर पंजा आधीच अडचणीत आहे.

संवेदना जळालेल्या कातडीवर तपासून उपयोग नाही. बोटांची टोकं न भाजलेली असतील तर तिथे, पायाच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या मधल्या बेचक्यात तपासा.

नख दाबून सोडा. रंग परत यायला २ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर लिहून ठेवा. मेंदी किंवा नखपॉलिश असेल तर बोटाच्या गादीवर पाहा. पल्स ऑक्सिमीटर आता उपकेंद्रातही असतो, तो त्याच बोटांना लावा. दुसऱ्या हाताला ९८ आणि भाजलेल्या हाताला ९५ च्या खाली, किंवा आकडा तासागणिक उतरतोय, किंवा लाट येतच नाही, तर रक्तपुरवठा कमी पडतोय. रुग्ण शॉकमध्ये (रक्तदाब कोसळून अंगभर रक्त कमी पडतंय अशा अवस्थेत) असेल तर दोन्ही हातांचे आकडे पडतात, तेव्हा आधी शॉक सावरा आणि लगेच पुन्हा पाहा. हातात धरायचा डॉपलर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) असेल तर मनगटावर न थांबता तळहातावर आणि बोटांच्या कडेला आवाज शोधा. तिथला आवाज मनगटाच्या आधी जातो.

दारू प्यायलेला, बेशुद्ध किंवा तान्हं बाळ असेल तर सांगणारं कोणी नाही. तिथे ऑक्सिमीटर, डॉपलर आणि हाताला लागणारा ताठपणा यांवरच भिस्त ठेवा.

मोठ्या रुग्णालयात कप्प्यात सुई घालून दाब मोजता येतो. ३० मिमी पाऱ्याच्या वर दाब, किंवा खालच्या रक्तदाबातून कप्प्याचा दाब वजा केल्यावर ३० पेक्षा कमी उरणं, ही धोक्याची रेघ. पण लक्षणं स्पष्ट असतील तर आकड्यासाठी वाट पाहायची नाही.

सलाईन: कमी नको, जास्तही नको

इथे दोन्हीकडून चुका होतात. कमी दिलं तर शॉक आणि किडनी, जास्त दिलं तर सूज आणि काच. मोठ्या माणसाला आगीने भाजलं असेल तर रिंगर लॅक्टेट २ मिलि गुणिले वजन गुणिले भाजलेले टक्के, मुलांना ३ मिलि आणि वर रोजच्या गरजेचं डेक्स्ट्रोजचं सलाईन वेगळं, विजेच्या झटक्याला ४ मिलि. हे २४ तासांचं. अर्धं पहिल्या ८ तासांत आणि ते ८ तास भाजल्यापासून मोजायचे, केंद्रात आल्यापासून नव्हे.

६० किलोची बाई, दोन्ही हात आणि पोट-छातीची पुढची बाजू भाजलेली: ९ अधिक ९ अधिक १८, म्हणजे ३६ टक्के. २ × ६० × ३६ = ४,३२० मिलि. अर्धं २,१६०. ती दोन तासांनी पोचली तर उरले ६ तास, म्हणजे तासाला ३६० मिलि. मिलिलिटरला २० थेंबांच्या सेटने मिनिटाला १२० थेंब. नुसत्या लाल झालेल्या त्वचेचे टक्के धरू नका, आकडा विनाकारण फुगतो.

यानंतर सूत्र बाजूला ठेवा आणि लघवीवर चालवा. कॅथेटर घाला. मोठ्यांना किलोमागे तासाला अर्धा मिलि, ३० किलोच्या आतल्या मुलांना १ मिलि. लघवी जास्त येत असेल तर सलाईनचा वेग एक तृतीयांशाने कमी करा, कमी येत असेल तर तेवढाच वाढवा. भरपूर लघवी होतेय म्हणून खूश होऊ नका, ते पाणी हातातही भरत असतं.

विजेच्या रुग्णाची लघवी काळ्या चहासारखी आली तर ती मेलेल्या स्नायूचा रंग आहे. तिथे मोठ्यांना तासाला ७५ ते १०० मिलि लघवी हवी, रंग निवळेपर्यंत. ईसीजी काढा.

हात किती उंच ठेवावा, याबद्दल गोंधळ असतो. सूज येऊ नये म्हणून सुरुवातीला छातीच्या किंचित वर. काच बसल्याची लक्षणं दिसली की छातीच्या पातळीवर आणा. जास्त उंच टांगलेल्या हातात आधीच कमी पडलेलं रक्त चढत नाही.

एस्कॅरोटॉमी कोणी, कधी

हे काम सर्जनचं किंवा शिकलेल्या डॉक्टरचं. आगीच्या रुग्णात पहिल्या काही तासांत ती क्वचित लागते, म्हणून लवकर निघालेला रुग्ण बहुतेक वेळा वेळेत पोचतो. नागपूर, यवतमाळ, अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा सेवाग्राम दोन तासांवर असेल तर पाठवा. पण धारणीहून घाट उतरून परतवाड्यामार्गे अमरावती गाठायला तीन-चार तास जातात आणि सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर आहे. बोटांचा रक्तपुरवठा आत्ता जातोय आणि रस्ता एवढा आहे, तर ज्या रुग्णालयात पाठवताय तिथल्या सर्जनशी फोनवर बोला, फोटो पाठवा आणि ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातच चीर देण्याचा निर्णय घ्या. संमती लिहून घ्या. ‘कापणार’ हा शब्द ऐकून घरचे हबकतात. सांगा की जळालेली कातडी आवळली आहे, ती उभी उसवून आतल्या रक्ताला वाट द्यायची आहे.

तयारी: निर्जंतुक कापड, बीटाडीन, मार्किंग पेन, १५ नंबरचं ब्लेड आणि असेल तर कॉटरी (रक्त डागून थांबवणारं यंत्र), पाच-सहा आर्टरी फोर्सेप्स, बांधायला ३-० धागा, भरपूर गॉझ. एस्कार दुखत नाही, पण चीर चांगल्या त्वचेत शिरते तिथे आणि खालच्या चरबीत दुखतं. केटामाइन शिरेतून किलोमागे अर्धा ते १ मिग्रॅ हळू द्या. ऑक्सिजन, सक्शन आणि अंबू बॅग हाताशी हवी.

रेघ आधी पेनने काढा. हात तळवा वर करून ठेवा, तसा नसेल तर रेघ भलतीकडे जाते. अंगठ्याच्या बाजूची मधली रेघ आधी, दंडापासून अंगठ्याच्या उंचवट्यापर्यंत. करंगळीच्या बाजूची रेघ लागली तर कोपराच्या आतल्या हाडाच्या पुढून न्या, त्या हाडाच्या मागच्या खाचेत अल्नार नस आहे. पायाला आतली मधली रेघ आधी. आतल्या घोट्याच्या पुढून मोठी शीर आणि मागून धमनी व नस जाते, तिथे ब्लेड फक्त एस्कारपुरतं. बाहेरच्या बाजूला गुडघ्याखाली फिब्युला हाडाची मान बोटाने शोधा. तिच्यावरून पेरोनियल नस जाते आणि ती तुटली की पाऊल कायमचं लोंबतं. ती जागा सोडून वर आणि खाली थांबा, मधला तुकडा सर्जन पाहतील. बोटांच्या चिराही त्यांच्यासाठीच ठेवा.

चीर एस्कारच्या एका टोकाला साधारण १ सेंमी चांगल्या त्वचेत सुरू होऊन दुसऱ्या टोकाला तेवढ्याच चांगल्या त्वचेत संपली पाहिजे. खोली एस्कार ओलांडून पिवळ्या चरबीपर्यंत. पांढरा चकचकीत पडदा दिसला तर तुम्ही जास्त खोल गेलात. चीर बरोबर असेल तर कडा आपोआप फाकतात आणि चरबी वर फुगून येते. मग हातमोज्यातलं बोट चिरेच्या तळातून पूर्ण लांबीभर फिरवा. कुठेतरी दोऱ्यासारखा ताठ पट्टा बोटाला अडकतो, बहुधा सांध्याजवळ. तेवढा एक पट्टा राहिला तरी खालचा हात सुटत नाही. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे. घाबरत घाबरत दिलेली आखूड, उथळ चीर.

लगेच नख, ऑक्सिमीटर आणि डॉपलर पुन्हा पाहा. काही मिनिटांत फरक पडायला हवा. नाही पडला तर दुसऱ्या बाजूची चीर. तरीही नाही, तर दाब फॅशियाच्या आत आहे आणि रुग्णाला फॅशियोटॉमीसाठी तातडीने ऑपरेशन थिएटर हवं. विजेच्या झटक्यात बहुतेक वेळा असंच असतं, म्हणून तिथे एस्कॅरोटॉमीवर वेळ घालवू नका.

रक्त दाबून, बांधून किंवा कॉटरीने थांबवा. चिरेवर पॅराफिन गॉझ, वर सैल ड्रेसिंग. चीर देताना रक्तदाब कमी असेल तर रक्त कमी येतं आणि सलाईनने दाब सावरल्यावर तासाभराने वाहू लागतं. वाटेत ड्रेसिंग भिजतंय का, हे पाहणारं माणूस सोबत हवं.

अवयव बराच वेळ आवळलेला असेल आणि मग सुटला, तर मेलेल्या स्नायूतलं पोटॅशियम एकदम रक्तात येतं. मॉनिटरवर टोकदार उंच टी लाटा किंवा रुंद कॉम्प्लेक्स दिसले तर १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलि शिरेतून ५ मिनिटांत, मग १० युनिट साधं इन्सुलिन २५ टक्के डेक्स्ट्रोजच्या १०० मिलिसोबत. नंतर दर तासाला साखर तपासा.

पाठवताना

धनुर्वाताचं इंजेक्शन द्या. वेदनेसाठी मॉर्फिन किंवा ट्रामाडोल शिरेतूनच. शॉकमध्ये कमरेत दिलेलं औषध तिथेच पडून राहतं आणि रक्ताभिसरण सुधारल्यावर एकदम चढतं. प्रतिबंधक अँटिबायोटिक लागत नाही.

पंजा भाजला असेल तर पट्टी अशी लावा: मनगट २० ते ३० अंश मागे, बोटांची मुळं वाकलेली, पुढची बोटं सरळ, अंगठा तळव्यापासून दूर. पट्टी खालून आधार देईल एवढीच, गोल आवळून नाही.

चिठ्ठीवर भाजल्याची वेळ, कशाने, किती टक्के, वजन, आत्तापर्यंत दिलेलं सलाईन, दर तासाची लघवी, चीर दिली असेल तर वेळ आणि बाजू, आणि शेवटच्या तीन तपासण्या बोटांच्या आकड्यांसह लिहा. ॲम्ब्युलन्समध्ये दर अर्ध्या तासाला बोटं पाहायची, हे सोबतच्या कर्मचाऱ्याला चिठ्ठीबरोबर तोंडीही सांगा. आकडा उतरला तर आधी ड्रेसिंग पूर्ण उभं चिरून मोकळं करायचं आणि गाडी चालू असतानाच पुढच्या रुग्णालयाला फोन करायचा.